दहा वाजता लुटायला येणार आहेत

४ जून १९७४, मंगळवार

डॉक्टरने ही वही दिली. म्हणाला, मिसेस क्रेन, अंगातून वाफा येतील तेव्हा दिवस आणि वेळ लिहून ठेवा. मी म्हटलं, अहो, शेगडीपाशी उभ्या असणाऱ्या बाईला अंगातली वाफ कुठली आणि पातेल्यातली कुठली, कसं कळायचं? तो हसला नाही. त्याला पाळी जायची भीती नाही, त्याला हसायला काय जातं, पण नाही हसला.

आजच्या वाफा: दुपारी दोन, संध्याकाळी पाच.

पान उरलंय म्हणून लिहिते. आमच्या मोटेलच्या तीन खोल्या एकदम भरल्या. अमरिलोकडून सिनेमावाले आलेत. आठ माणसं, एक व्हॅन, एक निळी प्लिमथ गाडी. त्यांचा मुख्य केसलर, दाढीवाला, तिशीसुद्धा गाठलेली नाही. म्हणाला, दहा दिवस आम्हाला तिन्ही वेळा जेवू घाला. हिरॉइन माझ्या कॅफेत आली ती आत काहीच न घालता, नुसता पातळ शर्ट. तीन म्हातारे अंड्याचा घास तोंडाशी धरून बसले. मी तिच्या अंगावर एप्रन फेकला. ती म्हणाली, थँक्यू, मला थंडी वाजत नाहीये. मी म्हटलं, तुझ्यासाठी नाही, ह्यांची अंडी गार होतायत.

७ जून, शुक्रवार

सिनेमाची गोष्ट विचारली. एक पोरगा, एक पोरगी. दोघं गाडी घेऊन पेट्रोल पंप लुटत टेक्सासभर पळतात आणि शेवटी पोलीस दोघांनाही गोळ्या घालतात. मी विचारलं, मग एवढं पळून मिळालं काय? केसलर म्हणाला, प्रेम. मी म्हटलं, त्याला गाडी कशाला लागते?

हे लोक कुणाची परवानगी काढत नाहीत. रस्त्यावर जातात, भराभर चित्रं घेतात आणि कोणी विचारायला यायच्या आत निघतात. खरे दरोडेखोर हेच.

रक्त माझ्या शेगडीवर शिजतं! कॉर्न सिरप, केकमध्ये घालायचा लाल रंग, चमचाभर कोको. पहिला घाणा गुलाबी झाला. दुसरा इतका खरा दिसला की मला ओट्याला धरून उभं राहावं लागलं. बरणी फ्रिजमध्ये ताकाशेजारी ठेवली आहे. चुकून कोणाच्या बिस्किटांवर वाढायची नाही तर.

हिरोचं नाव लॉनी बिशप. तेवीस वर्षांचा, आर्कन्सॉचा, काठीसारखा लांब. बोट घालून रक्त चाटलं आणि म्हणाला, "मिस व्हेल्डा, याच्यापायी मी मरायला तयार आहे." गाढव. पण सगळ्यांत एकटा तोच ताटं पुसायला उभा राहतो. आज रेडिओ लागला होता तर माझा हात धरून दोन गिरक्या घेतल्या. मी म्हटलं, सोड, म्हातारीची कंबर मोडशील. तो म्हणाला, "म्हातारी कुठाय? दाखवा, तिलाही नाचवतो." पायांना अजून आठवतं, याचंच नवल वाटलं. नवऱ्याचं, ऑरिनचं, ताट त्यामुळे वीस मिनिटं उशिरा गेलं.

वाफा: लिहायची विसरले.

१० जून, सोमवार

लॉनीने विचारलं, मिस्टर क्रेन तुमच्याशी बोलत का नाहीत?

त्यात लपवायचं काय आहे. ऑरिनचा पंप आणि दुकान आणि माझं कॅफे, मध्ये एकच भिंत. भिंतीला खिडकी, तिला चौकड्यांचा पडदा. त्या खिडकीतून मी त्याचं ताट सरकवते, काही सांगायचं असेल तर ताटाखाली ऑर्डरची चिठ्ठी ठेवते. "छप्पर गळतंय." "तेल संपलं." तो उत्तर देत नाही. ताट रिकामं परत येतं, चिठ्ठी येत नाही, आणि काम झालेलं असतं. सोळा महिने असंच चाललंय. गेल्या वर्षी फेब्रुवारीत तोंडाला रुमाल बांधलेला एकजण दुकानात शिरला आणि गल्ला घेऊन गेला. ऑरिनने हात वर केले आणि उभा राहिला. मी दुसऱ्या दिवशी भरल्या कॅफेत म्हटलं, पैसे द्यायचे होते तर दे बाबा, निदान पँट तरी कोरडी ठेवायचीस. सगळे हसले. खोटं काही नव्हतं त्यात, पँट मीच धुतली होती. तेव्हापासून तो गप्प. आणि गल्ल्याखाली बंदूक.

लॉनीला ही गोष्ट इतकी आवडली की दुपारी सगळ्यांसमोर त्याने ऑरिन करून दाखवला. हात वर, गुडघे एकमेकांवर आपटताहेत, पँटकडे हळूच बघणं. हिरॉइन खुर्चीवरून घसरली. मीही हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. किती दिवसांनी.

पडदा सरकलेला होता, हे नंतर लक्षात आलं. ऑरिन पलीकडे मोटार ऑइलचे डबे रचत होता. त्याने वर पाहिलं नाही. त्याला काही वाटलं असेल असं वाटत नाही. त्याला कधी कशाचं काही वाटत नाही.

१२ जून, बुधवार

केसलर स्वयंपाकघरात आला. म्हणाला, तुमच्या नवऱ्याचा चेहरा पैसे देऊन मिळायचा नाही. उद्या दहा वाजता लॉनी रुमाल बांधून दुकानात जाईल, कॅमेरा तुमच्या पडद्यामागे असेल, मिस्टर क्रेनना काही सांगायचं नाही. खरी भीती हवी आहे.

मी म्हटलं, डोकं ठिकाणावर आहे का? त्याच्याकडे बंदूक आहे. तो म्हणाला, पण तुम्हीच म्हणालात ना, ते हात वर करून उभे राहतात. आता स्वतःच्याच शब्दाला काय उत्तर देणार! शिवाय लॉनी माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "पाच मिनिटांचं काम, मिस व्हेल्डा. मग मी त्यांना स्वतः कॉफी पाजतो."

बरं म्हटलं. पण बरं म्हणून मी काही सोडून देणारी नाही. रात्रीच्या ताटाखाली चिठ्ठी ठेवली. "उद्या दहा वाजता सिनेमावाला पोरगा रुमाल बांधून तुला लुटायला येणार आहे. नाटक आहे. बंदुकीला हात लावू नकोस. घाबरल्यासारखं कर." ताट रिकामं परत आलं. चिठ्ठी आली नाही. म्हणजे वाचली.

केसलरला भीती खरी आहे की खोटी, काय कळणार आहे!

१३ जून, गुरुवार

ऑरिनने लॉनीला गोळी घातली. खरी.

१४ जून, शुक्रवार

काल हाताला पेन धरवेना. आज धरवतंय.

काल सकाळी ऑरिनने दाढी केली होती. गुरुवारी तो दाढी करत नाही. धुतलेला शर्टही. मला वाटलं, सिनेमात दिसणार म्हणून असेल. मनात हसले. नऊला पशुखाद्याचा विक्रेता आला तर त्याला दारातूनच वाटेला लावला.

दहा वाजले. प्लिमथ सुरू होईना. दहा मिनिटं ढकलाढकली चालली होती, मागच्या बाजूने ऐकू येत होती. मी पडद्यामागे कॅमेऱ्याच्या शेजारी, केसलर माझ्या पलीकडे. फटीतून ऑरिन दिसत होता. गल्ल्यामागे उभा, हात ओट्याच्या खाली. मला वाटलं, खुर्ची आहे की, बसत का नाही.

सव्वादहाला लॉनी आत आला. तोंडाला निळा रुमाल, हातात सिनेमातलं रिकामं पिस्तूल. म्हणाला, "हात वर, म्हाताऱ्या!" जरा हसू आवाजात होतंच त्याच्या, मला कळलं. ऑरिनने हात वर केले नाहीत. बंदूक वर घेतली. घाई केली नाही. लॉनीचेच हात वर गेले. तो म्हणाला, "अहो, अहो—"

आवाजाने बरण्या हलल्या.

केसलर माझ्या कानाशी कुजबुजत होता, "चालू ठेव, थांबवू नकोस, काय पडलाय पोरगा, बाप रे, काय पडलाय." त्याला वाटलं, गोळी छताला गेली आणि पोराने संधी साधली. रक्त फरशीवर आलं तरी तो "चालू ठेव"च म्हणत होता. पण मला माहीत होतं. सकाळी ताक काढताना बरणी मी माझ्या हाताने बाजूला केली होती. गच्च भरलेली होती. काल कुणी माझ्याकडे रक्त मागितलंच नव्हतं.

मी खिडकीतूनच पलीकडे गेले. कशी गेले, माहीत नाही, माझ्यासारखी बाई त्यात मावत नाही. एप्रन दाबून धरला. रुमालामुळे त्याला श्वास घेता येत नव्हता, तो खाली ओढला. लॉनी म्हणाला, "ते रागावलेत का?" एवढंच. ऑरिन तिथेच उभा होता. मी ओरडले, फोन कर! त्याने केला. पत्ता नीट सांगितला. आवाज अगदी शांत.

कॅमेरा धरणाऱ्या मुलाने व्हॅनमागे जाऊन ओकारी काढली. केसलरने आधी फिल्मचे डबे व्हॅनमध्ये ठेवले आणि कुलूप लावलं. मी बघितलं. मग तो रडायला लागला.

शेरिफ टब आला. तो आणि ऑरिन वीस वर्षं शिकारीला जातात. त्याने विचारलं, ऑरिनला कुणी आधी सांगितलं होतं का? केसलर म्हणाला, फक्त बाईंना माहीत होतं, त्यांना गप्प राहायला सांगितलं होतं. सगळे माझ्याकडे वळले. शेरिफ म्हणाला, "व्हेल्डा, नीट विचार करून बोल. त्याला माहीत असेल तर ही गोष्ट वेगळी आहे."

मी म्हटलं, नाही. मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही.

तसं बघितलं तर बोलले नाहीच. लिहिलं.

संध्याकाळी त्याच्या दुकानातली कचऱ्याची बादली उपडी केली. चिठ्ठी नाही. परवा ताटात ग्रेव्ही जास्त होती. ताटाच्या तळाला चिकटली असेल आणि माझ्याच धुण्याच्या पाण्यात गेली असेल. तो जेवताना टीव्ही बघतो, ताटाखाली बघतो कुठे. तसंच झालं असणार. तसंच.

लॉनी अमरिलोच्या हॉस्पिटलमध्ये आहे. शुद्धीवर नाही.

१६ जून, रविवार

चर्चमध्ये पाद्रीबाबांनी आधी लॉनीसाठी प्रार्थना केली, मग ऑरिनसाठी. बाहेर बायका मला धरून रडल्या. पुरुषांनी ऑरिनच्या पाठीवर थाप मारली. कोणी तरी म्हणालं, "अरे, रुमाल बांधून कुणी माझ्या दुकानात आला असता तर मीही तेच केलं असतं." कॅफेत आज बसायला जागा नव्हती. ऑरिन माझ्या ओट्याशी येऊन बसला, सोळा महिन्यांत पहिल्यांदा, आणि गोष्ट सांगायला लागला. दर वेळी थोडी वाढत होती. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "मी त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हटलं, ये बाळा."

असं काही म्हणाला नव्हता तो. मी तिथेच होते.

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "व्हेल्डा, मीठ दे."

मी दिलं. वाटलं होतं, तो कधी बोललाच तर मला आनंद होईल.

१७ जून, सोमवार

लॉनी गेला. पहाटे. हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी बिस्किटांचं पीठ मळत होते. मळलं तसंच टाकून दिलं.

१९ जून, बुधवार

हे लिहायला नको. लिहिते.

सकाळी ऑरिन कॉफी घेऊन माझ्या टेबलाशी येऊन बसला. कॅफे उघडलं नव्हतं. त्याने माझ्या हातावर हात ठेवला. केव्हा ठेवला होता शेवटचा, मला सांगता येणार नाही. म्हणाला, "शेरिफसमोर चांगली बोललीस. मला खात्री होती तुझी."

मी म्हटलं, कसली खात्री?

तो म्हणाला, "आणि चिठ्ठी लिहिलीस ते बरं केलंस. नाटक आहे हे माहीत नसतं ना, तर पुन्हा घाबरलो असतो."

मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. म्हणजे राग नाही, लाज नाही. बायकोने नीट काम केल्यावर नवऱ्याच्या चेहऱ्यावर असतं तेवढंच. त्याला वाटतंय मी त्याच्या बाजूने उभी राहिले. त्याला वाटतंय आमचं भांडण मिटलं!

"दहाचं सांगून सव्वादहाला आला," म्हणाला. "उभं राहून पाय भरून आले."

मी विचारलं, का रे? तो पोरगा होता. ताटं पुसायचा.

तो म्हणाला, "हो. बघायचो ना मी, ताटं पुसताना." कॉफी संपवली, कप उचलला, स्वतः धुतला. "आणि नाचताना." मग पंप उघडायला गेला. शीळ घालत.

मी तासभर उठले नाही. दारावर लोक ठोठावत होते. मला वाटायचं त्याला कधी कशाचं काही वाटत नाही. तेवीस वर्षं मी त्याला जेवायला घालतेय आणि मला वाटायचं पलीकडे कुणी नाहीच.

२० जून, गुरुवार

मोटेलच्या पाच नंबरच्या खोलीत झोपले. ऑरिन म्हणाला, एवढ्या गरमीत बरंच आहे. वाफा दिवसभर. त्यांना डॉक्टरकडे औषध असेल असं वाटत नाही.

२१ जून, शुक्रवार

दुपारच्या बसने लॉनीची आई उतरली. त्याचं सामान न्यायला. अर्लीन बिशप नाव, माझ्याच वयाची, कापडगिरणीत काम करते. एवढ्या उन्हात लांब काळे मोजे घालून आली होती, शोकाचे म्हणून. चार नंबरमध्ये जाऊन तिने त्याचे कपडे घडी करून पिशवीत भरले. मी दारात उभी. मग कॅफेत आणून बसवलं, आइस टी दिला.

"तुम्हीच मिस व्हेल्डा," ती म्हणाली. "त्याचं कार्ड आलं होतं. लिहिलं होतं, इथे एक बाई रक्तही शिजवते आणि पीचचा गोड कॉब्लरही, एकाच चमच्याने."

मी म्हटलं, मध्ये धुते मी चमचा.

ती हसली. मग म्हणाली, "तुमच्या नवऱ्यावर माझा राग नाही, बरं का. रस्त्यात सगळा विचार केला. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत."

तेवढ्यात ऑरिन आला. टोपी काढून छातीशी धरली. दोन ट्रकवाले आणि न्हावी जेवत होते, त्यांनी काटे खाली ठेवले. ऑरिन म्हणाला, "मॅडम, देवाशपथ सांगतो, मला ठाऊक असतं तर—"

मी म्हटलं, तुला ठाऊक होतं.

ऑरिन हळूच म्हणाला, "व्हेल्डा." मग लोकांकडे वळून, "हिची तब्येत बरी नाही. बायकांचं असतं ते या वयात. डॉक्टरने वहीत लिहायला लावलंय." न्हाव्याने मान हलवली. ट्रकवाल्यांनी ताटात बघितलं. असंच होणार, हे मला तेव्हा कळलं. गाव कुणाचं ऐकणार, हे ठरून गेलेलं आहे.

पण अर्लीन ऑरिनकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती. "तुम्ही सांगितलं होतं त्यांना?"

"लिहून दिलं होतं. आदल्या रात्री. नाटक आहे, बंदुकीला हात लावू नकोस म्हणून."

"आणि पोलिसांना?"

"मी नाही म्हणून सांगितलं."

ती उठली. मला वाटलं थोबाडीत मारणार. मी तोंड बाजूला केलं नसतं. तिने पिशवी खांद्याला लावली आणि विचारलं, "गाडी आहे तुमच्याकडे?"

ऑरिन दारात आडवा झाला. म्हणाला, "कुठे निघालीस? रात्रीचं जेवण कोण करणार?" हे म्हणाला तो. मी म्हटलं, बाजूला हो. त्याने माझा दंड धरला, सगळ्यांसमोर, आणि कानाशी वाकून म्हणाला, "तू हसली होतीस. तूच सगळ्यांत जास्त हसली होतीस."

मी म्हटलं, हो. तेही सांगणार आहे.

सोडला त्याने हात.

एकतीस मैल मी पिकअप चालवली. अर्लीन पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, मूल घेतात तशी. एकदा तिने खिडकी खाली केली, पुन्हा वर केली. मला सारखं वाटत होतं, ही मला गाडी थांबवायला सांगेल आणि उतरून चालायला लागेल. माझ्या शेजारी बसणं मला तरी जमलं नसतं.

शेरिफ टब टेबलावर पाय टाकून बसला होता. आम्हाला बघून पाय खाली घेतले. मी उभ्यानेच सांगितलं. चिठ्ठीत काय होतं, दाढी, धुतलेला शर्ट, विक्रेत्याला परत पाठवलं ते, बुधवारी कॉफी पिताना काय म्हणाला ते. फेब्रुवारीत मी काय बोलले होते ते. दहा तारखेच्या सोमवारी कोण कोण हसलं ते. तो म्हणाला, "चिठ्ठी आहे?"

"नाही."

"मग तुझा शब्द आणि त्याचा शब्द. आणि तू त्या दिवशी माझ्या तोंडावर उलटं सांगितलंस. व्हेल्डा, हे मी कागदावर उतरवलं की पुसता यायचं नाही. तूही त्यात सापडशील. घरी जा. रविवारपर्यंत विचार कर."

अर्लीन मोजे वर ओढत खुर्चीवर बसली होती. तिने वर पाहिलं नाही. मी याहून पुढे जाईन अशी आशाच नव्हती तिला.

मी म्हटलं, रविवारी चर्च असतं. आत्ता लिही. मी खोटं बोलले, तिथपासून लिही.

त्याने कागद घेतला. टेबलाचे तीन खण उघडले, बंद केले. पेन सापडेना. मी माझं दिलं.